ढोल्यांच्या तलवारीची चिठ्ठी

"अहो, ओरडता काय असे? घासलीच आहे ना, मोडली तर नाही!"

रमाबाईंच्या हातात विटकरीची भुकटी माखलेली नारळाची शेंडी होती आणि पुढ्यात समया, ताम्हन, पळीपंचपात्रीच्या रांगेत तलवार आडवी पडली होती. खंडेनवमीची सकाळ. आज घरातली हत्यारं पाटावर मांडून पूजायची, मग ती काय काळीकुट्ट मांडायची? राजापेठेतल्या त्या घरात हत्यारंही थोडीथोडकी नव्हती. दोन पट्टे, पाच कट्यारी, एक बिचवा, कड्या गंजलेलं चिलखत, आणि गेल्याच महिन्यात एलिचपुराहून आणलेली ही तलवार. मोरोपंत तारे शाळेत चित्रकला शिकवायचे, पण अमरावतीत त्यांना ओळखायचे ते 'हत्यारवाले मास्तर' म्हणून. कुणाच्या माळ्यावर जुनं पातं सापडलं की ते फडक्यात गुंडाळून मास्तरांकडे यायचं. मास्तर चष्मा कपाळावर सरकवून बघायचे, खरं-खोटं सांगायचे, आणि मागितली तर सहीनिशी चिठ्ठी लिहून द्यायचे. त्या चिठ्ठीला वऱ्हाडात वजन होतं.

मोरोपंतांनी तलवार उचलली आणि उजेडाकडे नेली. कालपर्यंत त्या पात्यावर बारीक रेघा होत्या, तळ्यावर वारा फिरताना उठतात तशा. जुन्या फौलादाची ती खूण, तिला जौहर म्हणतात. आता पातं पांढरंफेक होतं. काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"लिंबू आहे का घरात?"

"सरबत हवंय?"

"लिंबू आण गं आधी!"

अर्धं लिंबू त्यांनी पात्यावर चोळलं, थांबले, पुन्हा चोळलं. हळूहळू मुठीजवळून रेघा उमटायला लागल्या. एक, दोन, मग सगळं पातं भरून.

"आल्या की परत! सकाळी सकाळी जीव खाल्लात माझा," रमाबाई म्हणाल्या आणि समईकडे वळल्या.

पण मोरोपंत खूश झाले नाहीत. ते तिथंच, ओल्या फरशीवर बसले. असं पांढरंफेक पातं त्यांनी आधी एकदा बघितलं होतं. दोन वर्षांपूर्वी, याच ओसरीवर. आणि त्याची चिठ्ठी लिहून दिली होती.

"रमा, ते बार्शीटाकळीचे बागायतदार आठवतात? शेषराव ढोले?"

"न आठवायला काय झालं? पिशवीभर लिंबं घेऊन आले होते बिचारे. त्यांचं लोणचं अजून बरणीत आहे."

लिंबं! तेव्हा तलवारीच्या शेजारी, हातभर अंतरावर ती पिशवी ठेवलेली होती.

शेषराव तेव्हा साठीचे होते. माळी माणूस, वांगी-भेंडी आणि लिंबाची बाग. त्यांचा पणजा पुंजाराम नरनाळ्याच्या किल्ल्यावर बाग राखायचा, आणि किल्लेदारानं किल्ला सोडताना आपली तलवार त्याच्या हातात दिली, अशी घरातली हकिगत. त्या तलवारीपायी दसऱ्याला देवीच्या पालखीपुढं चालायचा मान ढोल्यांकडे होता. तीन पिढ्या कुणी काही बोललं नाही. मग गावचे पाटील खुशालराव म्हणाले, माळ्याच्या घरी खानदानी तलवार कुठली? अमरावतीच्या मास्तरांची चिठ्ठी आणा, मग बघू. तेवढ्यासाठी शेषराव आले होते. आणि मास्तरांसमोर घाणेरडी वस्तू कशी न्यायची, म्हणून घरच्यांनी तीन दिवस ती घासघास घासली होती.

मोरोपंतांनी मूठ शेगडीवर धरून आतली लाख वितळवली, मूठ उतरवली. पात्याच्या बुडाशी छत्रीची अर्धीमुर्धी छाप होती. असल्या छापा बाजारात नकली पात्यांवरही मारतात, म्हणून त्यांनी नाक मुरडलं. चकचकीत पातं, रेघ नाही, नकली छाप. संपलं. लिहून दिलं: 'पातं अलीकडचं, मिरवण्यापुरतं आहे. त्यास पुरातन म्हणता येत नाही.' आणि वर म्हणाले, "मूठ मात्र जुनी वाटते. राहू द्या माझ्याकडे."

शेषरावांनी उघडं पातं फडक्यात गुंडाळलं. मग म्हणाले, "ठुवा जी. पातंच खोटं, तं मूठ नेऊन काय करू?"

आता मोरोपंतांनी पेटी उघडली. मूठ तिथंच होती, आणि तिच्याखाली ढोल्यांच्या पात्यावरच्या छापेचा तेव्हा कोळशानं कागदावर घेतलेला ठसा. तो ठसा त्यांनी एलिचपुरी तलवारीच्या छापेशेजारी धरला. तीच छत्री, तोच दांडा, काठाला तेच सात ठिपके. म्हणजे ढोल्यांचं पातंही खरंच होतं.

"मी बार्शीटाकळीला जाऊन येतो."

"आज? सणाचं? आणि पूजा?"

"तू कर," ते म्हणाले, आणि मूठ पिशवीत टाकून निघालेसुद्धा.

बडनेऱ्याला गाडी मिळाली. सगळी वाट मोरोपंत स्वतःची समजूत काढत होते. असेल. खुंटीला असेल, नाहीतर माळ्यावर. लोखंड कोण टाकून देतं? मूर्तिजापूर येईपर्यंत या विचारानं त्यांना बरं वाटलं, आणि मूर्तिजापूर सुटल्यावर त्याच विचारानं घाम फुटला. बागायतदार माणूस लोखंड टाकून देत नाही हे खरंच, पण मग करतो काय त्याचं? आणि अशा चिठ्ठ्या आपण किती जणांना दिल्या? पन्नास? साठ? त्यातल्या किती जणांनी पातं घासून आणलं होतं? एकालाही विचारलं नाही. समोरच्या बाईनं पोराला भुईमुगाच्या शेंगा सोलून देताना चार शेंगा त्यांच्यापुढंही धरल्या, त्या त्यांनी तशाच मुठीत धरून ठेवल्या.

अकोल्याला उतरून त्यांनी हिंगोलीकडची छोटी गाडी धरली. ती तर प्रत्येक बाभळीपाशी दम खात होती. बार्शीटाकळीला उतरले तेव्हा उन्हं कलली होती.

ढोल्यांच्या ओसरीवर पोतं अंथरून पूजा मांडली होती. खुरपी, विळे, कुऱ्हाड, तराजू, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडू. शेषराव खांबाला टेकून बसले होते. दोन वर्षांत माणूस अर्धा झाला होता.

"कोन? मास्तर? आमरावतीचे?" ते धडपडत उठले. "बसा जी, बसा. अवो, पानी आन वं. पाहुने आले."

"शेषराव, तलवार कुठं आहे?"

"थे काय, बसली पुजेले."

मोरोपंतांनी रांग बघितली. तलवार नव्हती. मुलगा उत्तमराव दारात उभा होता, तो म्हणाला, "तवाच लोहाराले देल्ली जी. लय चिवट लोखंड, बापा. लोहार म्हने, लाल केलं का फुटून राह्यलं. मंग थंडंच कापलं त्यानं अन् घासून घासून धार काढली. एक विळी झाली, दोन खुरपी झाली, अन् शेंड्याचा सुरा."

मोरोपंत खाली बसले. विळी हातात घेतली. पाटाजवळ, जिथं घासणारीचा हात नीट पोचत नाही तिथं, बोटभर जागेत बारीक रेघा होत्या. वाऱ्यानं उठाव्या तशाच.

शेषरावांची बायको मनकर्णाबाई पाण्याचा लोटा घेऊन आली आणि ओशाळली. "थे डाग हायेत जी. अंबाडी चिरली का येतात. म्या रोज राखेनं घासतो, पन जातच नाई मेले. आता पुजेसाठी बी घासली होती. तवा तलवारबी म्याच घासली होती, तुमच्याकडं न्याच्या वक्ती. तीन रोज."

क्षणभर मोरोपंतांच्या मनात आलं, सुटलो! बाईनंच घासलं, रेघा बाईनंच घालवल्या, आपण काय करणार? दिसलं तेच लिहिलं. हे एवढं बोललं की झालं. कुणी चूक म्हणणार नाही. त्यांनी तोंडही उघडलं. पण मनकर्णाबाई त्यांच्याकडं बघत होती, आणि तिच्या हातातला लोटा हिंदकळायला लागला होता.

"काहून जी? म्या खोटी पाडली का तिले?"

"नाही हो बाई," मोरोपंत म्हणाले. "तुम्ही नाही, मी. पातं खरं होतं. हे डाग नाहीत, हीच त्याची खूण. घासलं की झाकते, आंबट लागलं की वर येते. लिंबू चोळून बघायचं एवढंच काम होतं, आणि तुमची लिंबं माझ्या शेजारीच होती. मी हात लांब केला नाही. माळ्याच्या घरी असली तलवार येईल कुठून, असं मनात धरूनच बसलो होतो."

उत्तमराव दारातून पुढं आला.

"मास्तर, तुमच्या त्या एका कागदापायी माह्या बापानं दोन वर्सं दसऱ्याले घराच्या भायेर पाय टाकला नाई. पालखी दारावरून जाये अन् हा माणूस आत तोंड झाकून निजे. समजते का तुमाले?"

"उत्तम, चूप बस," शेषराव म्हणाले. मग हळूच मोरोपंतांना विचारलं, "म्हंजे माहा पनजा खोटा नोता?"

"नव्हता."

म्हाताऱ्यानं विळी मांडीवर घेतली आणि रडायला लागला. "बाप मरतानी म्हने, येवढी संभाळजो. अन् म्या सोता लोहाराच्या हाती देल्ली जी."

मोरोपंतांनी घाईघाईनं खिशातून कागद काढला. "मी दुसरी चिठ्ठी लिहितो. आत्ता लिहितो."

"कागद नोका देऊ. त्या डाव बी कागदच होता." शेषरावांनी डोळे पुसले. "उद्या चावडीवर तोंडानं सांगा. जमन का?"

जमेल, असं मोरोपंत म्हणाले खरे. पण सकाळी आरशाशिवाय पागोटं बांधताना ते तीनदा सुटलं.

दसऱ्याच्या दुपारी चावडीपुढं गाव जमलं. खुशालराव पाटील बाजेवर बसले होते. मोरोपंतांनी राखेनं लख्ख घासलेली विळी सगळ्यांना दाखवली, मग लिंबू चोळलं आणि विळी फिरवली. रेघा उमटताना लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"मास्तर," खुशालराव म्हणाले, "तवा तुमी खोटी म्हने, आता खरी म्हनता. आमी कोन्तं धरावं?"

लोक हसले. मोरोपंतांचे कान तापले. आयुष्यभर पोरांच्या चित्रांवर लाल रेघ मारणारा माणूस, त्याला अशा हसण्याची सवय नव्हती.

"आताचं धरा. तेव्हा मी न बघता लिहिलं होतं. माझी चूक आहे. यापुढं माझी कुठलीही चिठ्ठी कुणी दाखवली तर म्हणावं, आधी लिंबू आणा."

पुन्हा हसले, पण या वेळी हसणं निराळं होतं. खुशालरावांनी विळी हातात घेतली, उलटीपालटी केली, अंगठ्यानं धार बघितली आणि जपून शेषरावांकडे परत दिली. "मान तुमचाच होता, शेषराव. पन आता पालखीपुढं काय धरसान? विळी?"

तेव्हा मोरोपंतांनी पिशवीतून मूठ काढली. शेषरावांनी ती ओळखली. दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, धोतराच्या सोग्यानं पुसली.

उन्हं उतरल्यावर पालखी उठली. ताशा सुरू झाला. शेषराव पुढं आले, धुतलेला सदरा, डोक्याला गुलाबी फेटा. उजव्या हातात मूठ उभी धरली होती, पुढं पातं नव्हतं. आता कुणीतरी हसणार, असं मोरोपंतांना वाटलं. पण शेषराव चालायला लागले ते कोपर अंगापासून दूर धरून, मनगट ताठ, वळणावर हात सावकाश बाहेर घेत, बाजूच्या माणसाला धार लागू नये अशा बेतानं. लहानपणापासून बापाला बघून शिकलेलं चालणं ते. वेशीपाशी गर्दी दाटली, तिथं एका बाईनं आपल्या पोराला दंडाला धरून मागं ओढलं. तिच्यामागचे लोकही सरकले, आणि मुठीपुढं एका पात्याएवढी वाट मोकळी झाली.