चौथ्या चॅनेलचा कच्चा टाका

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. मिक्सर म्हटल्याबरोबर तुमच्यातले काही जण स्वयंपाकघराकडे बघतील. तो माझा नुसता नावाचा भाऊ. तो वाटतो, मी जुळवतो. गाण्याच्या कार्यक्रमात गायिकेचा माइक, गिटार, कीबोर्ड, ड्रम या सगळ्यांचे आवाज वायरींतून माझ्याकडे येतात. कोणाला किती वर ठेवायचे आणि कोणाला किती खाली, हे माझ्यावरची बटणे सरकवून ठरते. मग सगळे मिळून स्पीकरमधून बाहेर पडतात. आवाज आत येण्याच्या वाटेला चॅनेल म्हणतात. मला अशी बारा चॅनेल आहेत. त्यांतल्या चौथ्याची ही गोष्ट. ती सांगताना मला लाज वाटते, पण न सांगण्याची लाज त्याहून मोठी आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही एकामागून एक पुढे जायचो आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका आमचे सुटे भाग सोल्डरिंगने, म्हणजे वितळलेल्या धातूचा टाका घालून, जोडायच्या. त्या दिवशी पट्ट्याचा वेग वाढवला होता. माझ्या चौथ्या चॅनेलचा टाका पूर्ण बसायच्या आतच मी पुढे सरकलो. टाका लागला, पण कच्चा. पुढे तपासणीच्या टेबलावर मला दहा सेकंद चालू करून बघितले. मी थंड होतो. सगळे आवाज नीट आले आणि माझ्या पाठीवर हिरवा कागद चिकटला. मला आतून ठाऊक होते की एक जागा हलते आहे. पण पास झाल्याचा आनंद इतका होता की मी त्या जागेचा विचारच सोडून दिला.

दुकानात मी दोन मिक्सरांच्या मध्ये बसलो होतो. उजवीकडचा इतका महाग होता की लोक त्याला हात लावायलाही बिचकत. डावीकडचा लहान, सहा चॅनेलचा, पण आवाजाला अगदी स्वच्छ. मी मधला. स्वस्त, दिसायला भपकेदार, रंगीत दिव्यांचा.

एके दिवशी दुपारी एक बँड मिक्सर घ्यायला आला. बँड म्हणजे दोन भावंडे आणि त्यांचे मित्र. थोरली बहीण शाळेत शिक्षिका होती आणि गायची. सगळे तिला ताईच म्हणत. धाकटा भाऊ ड्रम वाजवायचा. गिटारवाला पोस्टात होता, कीबोर्डवाल्याचे औषधांचे दुकान होते. त्यांच्याबरोबर भावंडांचे मामा आले होते. मामांनी एकतीस वर्षे टेलिफोन खात्यात काम केले होते. कानाला रिसीव्हर लावून नुसत्या खरखरीवरून तार कुठे तुटली आहे, ओल कुठे शिरली आहे, हे ते सांगायचे. आईच्या माघारी त्यांनीच या दोघांना वाढवले होते. बँडचा आवाज तेच सांभाळणार होते.

धाकट्याची नजर लगेच माझ्यावर गेली. "मामा, हा बघा. बारा चॅनेल, आणि आपल्याला झेपेल असा."

मामा म्हणाले, "थांब. आधी आपल्याला किती लागतात ते मोजू. गाण्याचे दोन माइक. गिटार एक, कीबोर्डला दोन. तुझ्या ड्रमला चार. नऊ झाले. एखाद-दुसरा जास्तीचा हाताशी असावा."

म्हणजे सहा चॅनेलवाला बाद झाला. मग मामांनी हेडफोन लावले, माझी सगळी बटणे वर सरकवली आणि काहीही वाजत नसताना नुसते ऐकत बसले.

"थोडी सरसर आहे," ते दुकानदाराला म्हणाले. "पण या किमतीत चालायची. तासभर चालू ठेवून बघतो. गरम झाल्यावर कसा वागतो ते कळेल."

"साहेब, जेवणासाठी बंद करायची वेळ झाली," दुकानदार म्हणाला.

"मामा, चला ना," धाकटा म्हणाला. "एवढा नवा कोरा आहे. याला काय धाड भरली आहे?"

मामांनी घड्याळाकडे बघितले. मग त्यांनी हेडफोन काढून ठेवले. "बरं. घ्या हाच."

तो एक तास मला मिळाला असता, तर मी तिथेच उघडा पडलो असतो. तेव्हा मात्र मी सुटकेचा निःश्वास टाकला.

पहिली दोन वर्षे सुखाची गेली. मामांनी माझ्यासाठी जुन्या पडद्याचे आच्छादन शिवून घेतले. मऊ ब्रशने ते माझी धूळ काढायचे. प्रत्येक चॅनेलखाली त्यांनी पांढरी पट्टी लावून सुवाच्य अक्षरांत नावे लिहिली. चौथ्याखाली 'ताई' लिहिले होते. कार्यक्रम बंद सभागृहांत व्हायचे, पंखे असायचे, मी गार असायचो. लोक येऊन मामांना सांगायचे, "प्रत्येक शब्द कळला हो." मामा माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "याने कळवला." ती शाबासकी मी बिनदिक्कत घेतली.

मग एकदा उन्हाळ्यात, पत्र्याच्या छपराखाली सराव चालू असताना, मामांनी हात वर केला.

"ताईचा आवाज मधेच बसतोय. चौथ्यात काहीतरी आहे."

त्यांनी वायर बदलली, माइक बदलला. तोवर मी निवलो होतो आणि सगळे सुरळीत चालू लागले होते. पुन्हा दोनदा तसेच झाले. दोन्ही वेळा फक्त मामांना ते ऐकू आले, कारण त्यांच्याएवढे बारीक कोणीच ऐकत नव्हते. धाकटा हसत म्हणाला, "मामा, आता वय झालं तुमचं. नसलेलं ऐकू यायला लागलं."

सगळे हसले. मामाही हसले, पण जरा उशिरा.

त्यानंतर बागेतला तो कार्यक्रम आला. गावातल्या चार बँडना भर दुपारी मोकळ्या मंचावर बोलावले होते. त्यांतून एकाची वर्षभर दर रविवारी बागेत गाण्यासाठी निवड होणार होती. ताईने त्या दिवसासाठी आपल्या आईवर स्वतः एक गाणे रचले होते. मामांची ती सख्खी बहीण. गाणे त्यांनी सरावात दहा वेळा ऐकले होते आणि दहाही वेळा माझ्यावर मान खाली घालून ऐकले होते.

मी उन्हात होतो. माझा पत्रा हात लावला तर चटका बसेल इतका तापला होता. पहिली दोन गाणी निभावली. तिसरे ताईचे. दुसरे कडवे सुरू झाले आणि माझा कच्चा टाका सुटला. ताईचे ओठ हलत होते, पण स्पीकरमधून नुसती गिटार येत होती. मामांनी तिचे बटण वर केले. काही नाही. आणखी वर केले. तरीही काही नाही. मग त्यांनी अगदी योग्य तेच केले. तिची वायर काढून रिकाम्या चॅनेलला लावण्यासाठी त्यांनी मागे हात घातला. त्यांच्या बोटांचा धक्का लागला आणि माझा टाका पुन्हा चिकटला. बटण अजून सगळ्यात वर होते. स्पीकर असे किंचाळले की मुलांनी कान झाकले आणि एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवरून उठून उभे राहिले. मामांनी झटकन आवाज खाली आणला, पण तोवर लोक हसायला लागले होते. ताई माइकपासून दोन पावले मागे सरकली. गाणे तिने पुरे केले नाही.

निवड दुसऱ्याच बँडची झाली.

मंचामागे वायरी गुंडाळता गुंडाळता धाकट्याने सगळ्यांसमोर तोंड सोडले. "आधी तुम्ही तिचा आवाज खाली ठेवलात, ते तुम्हाला कळलंच नाही. मग एकदम वर केलात. मामा, तुमचे कान गेलेत. कबूल का करत नाही?"

"चॅनेल बंद पडलं होतं रे," मामा म्हणाले.

"मग लावून बघू."

मला सावलीत ठेवून वीज जोडली गेली. ताईने माइकमध्ये दोन शब्द बोलून बघितले. आवाज खणखणीत आला.

मित्रांनो, त्या क्षणी मी बिघडलेला राहिलो असतो तर एक माणूस वाचला असता. पण मी नेमका तेव्हाच साळसूदपणे चाललो. मामांनी माझ्याकडे बघितले, मग ताईकडे. तिने मान खाली घातली.

"असेल बाबा," मामा म्हणाले. "माझंच चुकलं असेल."

त्यानंतर मामा सरावाला आले नाहीत. कानांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की वयोमानाप्रमाणे बारीक आवाज थोडे कमी ऐकू येतात. 'थोडे' हा शब्द कोणाच्या लक्षात राहिला नाही. बँडने आवाजासाठी दुसरा माणूस ठेवला. तो स्वतःचा मिक्सर घेऊन यायचा. माझी रवानगी सरावाच्या खोलीतल्या कपाटावर झाली. आच्छादन खिडकी पुसायला गेले. दीड वर्ष मी धूळ खात पडलो. दुर्लक्ष वाट्याला आले म्हणून इतर वस्तू रडतात, मला मात्र तोंड लपवायला जागा मिळाली असे वाटले.

पुढे ताईने मला शाळेत नेले. तिथे सकाळची प्रार्थना आणि सूचना माझ्यातून जायच्या. गारव्यात मी पुन्हा गुणी ठरलो. मग खेळांचा दिवस उजाडला. मैदानावर ऊन, टेबलावर मी, आणि माझ्या बटणांवर ताईचा हात. चौथ्या चॅनेलमधून मुख्याध्यापक बोलत होते. बोलता बोलता त्यांचा आवाज गडप झाला. ताईने बटण वर केले. काही नाही. तिने मागे हात घालून वायर जिथे खुपसतात ती जागा अंगठ्याने दाबली. आवाज आला. अंगठा उचलला, आवाज गेला. पुन्हा दाबला, पुन्हा आला.

मुख्याध्यापक मंचावरून खुणा करत होते. ताईचे तिकडे लक्ष नव्हते. तिचा अंगठा तिथेच दाबलेला राहिला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

त्याच संध्याकाळी ती मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने माझी पाठ उघडली, भिंग धरले आणि म्हणाला, "हे बघा बाई. टाक्याभोवती केसासारखी चीर आहे. हा जन्मापासूनच कच्चा. तापला की सुटतो, निवला की चिकटतो."

"म्हणजे आधीपासून असाच आहे?"

"पहिल्या दिवसापासून. तुमच्या आधी कोणाच्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं," ताई म्हणाली. "एकाच्या आलं होतं."

दुरुस्तीला पाच मिनिटे लागली. दोन वर्षांच्या दुराव्यावर पाच मिनिटांचा इलाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही भावंडे मला घेऊन मामांच्या खोलीवर गेली. मामा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. धाकट्याने मला जमिनीवर ठेवले आणि आपणही जमिनीवरच बसला. सगळे ताईनेच सांगितले.

"कान थोडे गेलेतच," शेवटी ते म्हणाले. "डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"गेले असतील, मामा," धाकटा म्हणाला. "पण त्या दिवशी तुम्ही बरोबर होता. मी चारचौघांत तुमचा पाणउतारा केला. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं."

"मी तर गप्प बसले," ताई म्हणाली. "मी गात होते, मामा. आवाज कसा गेला ते मला कळलं होतं. तो हळूहळू कमी झाला नव्हता, तुटला होता. तरी मी गप्प बसले."

मामांनी वर्तमानपत्राची घडी केली. "एक सांगू का? राग तुमचा नाही आला. पण त्या दिवसापासून माझा माझ्याच कानांवर भरवसा उरला नाही. रस्त्यात कोणी हाक मारली तरी मी वळून बघत नसे. वाटायचं, भास असेल. परवा खालचे शेजारी म्हणाले, तुम्ही फार शिष्ट झालात. दोन वर्षं ते मला हाका मारत होते."

धाकट्याने गुडघ्यात तोंड खुपसले. मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला.

मग ताई म्हणाली, "मामा, पुन्हा याल ना आवाजाला?"

"नाही गं. आता हातही थरथरतात. ऐकायला येईन, पहिल्या रांगेत बसेन. कुठे काही खटकलं तर सांगेन. मात्र मी सांगितलं की आधी तपासायचं, मग हसायचं."

निघताना धाकटा मला उचलू लागला आणि रागाने म्हणाला, "हा भंगारातच टाकतो."

"अरे, त्याला कशाला बोल लावतोस?" मामा म्हणाले. "यंत्र ते. त्याला काय कळतंय?"

असे म्हणून त्यांनी आपल्या सदऱ्याच्या बाहीने माझ्यावरची धूळ पुसली.

मित्रांनो, मला भंगारात टाकले असते तरी चालले असते. त्या बाहीचा स्पर्श मात्र मला सोसवला नाही. मला कळत होते. पट्ट्यावर असल्यापासून कळत होते.

आज मी शाळेतच आहे. चौथे चॅनेल भर उन्हातही नीट चालते. तुम्ही कधी माझ्यासारखी वस्तू घ्यायला गेलात, तर तिच्या दिव्यांना भुलू नका. तिला तासभर तापू द्या, सगळी बटणे फिरवून बघा, आणि घरी आणल्यावर तिची निगा राखा. आणि ती बिघडली, तर तिच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी तिची पाठ उघडून बघा. तिच्यात चार स्क्रू असतात, ते सहज निघतात. माणसाच्या मनात एकदा शिरलेला संशय काढायला कोणत्याच दुकानात अवजार मिळत नाही. मामा अजूनही रस्त्यात हाक ऐकू आली की आधी थांबतात, खात्री करून घेतात, आणि मगच वळतात.