पातेल्यातली बाग

रंगारीणबाईंच्या परसात फूल दिसलं तर शपथ, असं त्यांचे यजमान म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. झेंडू उमलला की बाई सकाळीच खुडत. नीळ फुलावर यायच्या आत कापावी लागते, नाहीतर पानांतला रंग उतरतो, म्हणून तीही कापलेली. मंजिष्ठा तर मुळांसाठीच लावायची, त्यामुळे तिचा वाफा खणलेला. खतपाणी करायचं यजमानांनी, गोगलगायी वेचायच्या यजमानांनी, आणि कौतुकानं बघायला जावं तर बागेची नुकतीच हजामत झालेली. बहर पाहायचा असेल तर स्वयंपाकघरातल्या पातेल्यात डोकवावं लागे.

एरवी ही कुरकूर चहाबरोबर संपून जाई. पण या रविवारी यजमानांचे थोरले भाऊ येणार होते. दादांच्या घरी कधीही जा, फाटकापासून जिन्यापर्यंत फुलंच फुलं, आणि वर दादांचं ठरलेलं वाक्य, "तुला नाही जमायचं रे हे." साठी उलटली तरी ते वाक्य यजमानांना लहानपणीइतकंच लागत असे.

"एक आठवडा फुलांना हात लावू नकोस," ते बायकोला म्हणाले. "एकदाच दादाला दाखवतो. मग खुशाल उकळ सगळी."

बाईंना हसू आलं, पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. "बोटसुद्धा लावणार नाही," त्या म्हणाल्या.

आणि आठवडाभर नाही लावलं. झेंडू असा काही फुलला की यजमान रोज संध्याकाळी स्टूल टाकून समोर बसू लागले.

पण सवय ही मोठी लबाड बया. रविवारी पहाटे बाई उठल्या त्या लोकरीला रंग धरायला तुरटी किती घालायची याचाच विचार करत. पायांनी परस गाठलं, हातांनी टोपली भरली. फुलं पातेल्यात पडली, खाली आच लागली. ढवळता ढवळता बाईंच्या मनात आलं, आज इतकी फुलं कशी काय बरं निघाली? आणि डाव हातातच राहिला.

यजमान मागेच उभे होते. त्यांनी पातेल्यात पाहिलं. "छान उतरेल रंग," एवढंच म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले.

आरडाओरडा केला असता तर बाईंनीही चार शब्द सुनावले असते. या शांतपणाला काय उत्तर द्यायचं? त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. तेवढ्यात दोरीवर टांगलेल्या पिवळ्याधमक लोकरीकडे त्यांचं लक्ष गेलं.

"उठा, कात्री आणा."

"आता काय कापायचं राहिलंय?"

"लोकर. गोंडे करू आणि बांधू झाडांना. फुलं तुमचीच आहेत, फक्त मागच्या महिन्यात उकळलेली."

"दादाला कळणार नाही होय?"

"भाऊजी चारचौघांत चष्मा लावतात का?"

"मेले तरी नाही."

"मग झालं तर!"

बोटांवर लोकर गुंडाळायची, मध्ये आवळायची, कडा कातरायच्या. पाचसहा गोंडे होईतो यजमान हसायला लागले होते. दादा थोरल्या जाऊबाईंना घेऊन आले तोवर वाफा पिवळाजर्द झाला होता.

दादा ओट्यावर थबकले. "जमलं की रे तुला!"

यजमानांची मान हातभर वर गेली. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला, पण दादा कसले थांबतात! ते खाली उतरले, वाकले, "वास मात्र बेताचा," म्हणाले आणि एक फूल तोडायला गेले. ते तुटेना. त्यांनी ओढलं, तशी मूठभर लोकर त्यांच्या हातात आली.

यजमान पायाचा अंगठा बघत राहिले. आणि थोरल्या जाऊबाई अशा हसत सुटल्या, की धुण्याच्या दगडावर बसकणच मारली त्यांनी.

"यांनी निदान घरी तरी केली!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही तर भाड्यानं आणता!"

"भाड्यानं?" यजमानांनी विचारलं.

"कुंड्या हो, भाऊजी! तुम्ही येणार म्हटलं की आदल्या दिवशी रोपवाटिकेचा टेम्पो दारात. तुमची पाठ वळली की कुंड्या परत."

दादांचे कान लाल झाले. "काय करू?" ते लोकर चिवडत म्हणाले. "हा लहानपणी कोयी फेकायचा तिथे झाडं यायची. मी पाणी घालून घालून थकलो, माझं कधी काही उगवलंच नाही. मोठा भाऊ ना मी! ह्याच्यापुढे कसं सांगणार?"

यजमानांनी कोनाड्यातली झेंडूच्या बियांची पुडी काढली आणि एक खुरपं दादांच्या हाती दिलं.

बाई आत चहा टाकत होत्या. खिडकीतून यजमानांचा आवाज येत होता, "अरे, इतकं खोल नको. वरवर पेर, माती नुसती भुरभुरव."

"बरं," दादा म्हणाले.