बाजाराचा वार आणि माझी चार मिनिटं

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता मल्हारी बाभळीवरून पडले. मेंढरांसाठी पाला तोडताना फांदी मोडली आणि डोक्याची उजवी बाजू दगडावर आदळली. थोडा वेळ शुद्ध नव्हती. मग उठून बसले, पाणी मागितलं. साडेदहाला त्यांना जीपमधून जिंतूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात आणलं.

मित्रांनो, त्या दवाखान्यातली मी एक जुनी टॉर्च आहे. गावची माणसं मला बॅटरी म्हणतात. पेनाएवढी आहे, नऊ वर्षं सत्यशीला सिस्टरांच्या खिशात राहते. माझ्या अंगावर काळ्या ठिपक्यांची रांग छापलेली आहे, दोन मिलिमीटरपासून आठपर्यंत. डोळ्यात उजेड टाकायचा, बाहुली किती आणि किती पटकन लहान होते ते पाहायचं, मग ठिपक्याशी ताडायचं. चारचा ठिपका सिस्टरांच्या अंगठ्याने केव्हाच पुसला गेला.

मोटरसायकलवरून घसरलेले, जिन्यावरून पडलेले, असे शेकडो डोळे मी पाहिले. आधीचे एक डॉक्टर म्हणायचे, "सत्यशीला सिस्टरांची टॉर्च आणा, मगच मला बोलवा." पुढे सगळ्यांना मोबाइलचा उजेड मारायची सवय लागली. तो दोन्ही डोळ्यांवर एकदम पसरतो, पण हाताशी असतो. सिस्टर दोन महिने रजेवर गेल्या आणि मी ड्रॉवरमध्ये पडून राहिले. सेल आतच राहिले. सोमवारी त्या परत आल्या आणि मला तशीच खिशात अडकवली.

मल्हारींना पहिल्यांदा तपासलं ते भक्ती सिस्टरांनी. त्या महिन्याभरापूर्वीच रत्नागिरीहून आल्या होत्या. डोक्याला मार असला की डोळे उघडणं, बोलणं आणि हातपाय हलवणं यांना गुण देतात. सगळं ठीक असेल तर पंधरा.

"काका, आज वार कोणता?"

"निंबगावचा बाजार."

"मी वार विचारला."

"त्येच सांगायलोय की बाई. निंबगावचा बाजार. बोकड न्यायचा व्हता, ह्या बाभळीनं घोळ केला."

भक्ती सिस्टरांनी बोलण्याला पाचपैकी चार गुण दिले, म्हणजे माणूस गोंधळलेला. सत्यशीला सिस्टरांनी कागद पाहिला. "इकडं वार बाजारावर चालतो, भक्ती. निंबगावचा बाजार म्हणजे मंगळवार. पूर्ण पाच दे."

पंधरापैकी पंधरा झाले. माझ्या उजेडात दोन्ही बाहुल्या तीनवर होत्या. डॉक्टरांनी जखम शिवली. दर अर्ध्या तासाला तपासा, काही बदललं तर लगेच परभणीला पाठवू, असं सांगितलं. मेंदूचा स्कॅन तिथेच होतो.

अकराला ठीक होतं, साडेअकरालाही ठीक. मल्हारींना झोप येऊ लागली. त्यांची बायको केवळाबाई उशाशी होती.

"झोपू द्या की बाई त्येन्ला. सारखं उठवायलाव."

"झोपू दे मावशी, पण दर वेळी उठवणार," सत्यशीला सिस्टर म्हणाल्या.

बाराला भक्ती सिस्टरांनी हाक मारल्यावरच मल्हारींनी डोळे उघडले.

"काका, आज वार कोणता?"

"वाघदरीचा... बाजार."

भक्ती सिस्टरांनी बोलण्याचे पाच गुण लिहिले. बाजाराचं नाव म्हणजे बरोबर उत्तर, असं त्या सकाळीच शिकल्या होत्या. केवळाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "आवं, येड लागलं का? वाघदरीचा बाजार शनवारी झाला. तिथनंच चप्पल आणली न्हवं तुमी?"

सकाळी बरोबर सांगितलेला वार आता चुकला होता. सत्यशीला सिस्टरांनी मला खिशातून काढलं. बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

माझा उजेड पिवळा पडला होता. डावी बाहुली सावकाश आकसली, उजवी जेमतेम हलली. डोळा मंद आहे की टॉर्च मंद, हे सिस्टरांना ठरवता येईना. भक्ती सिस्टर मोबाइल काढत होत्या. "नको. सकाळचं माप हिनं घेतलंय, आताचंही हिनंच घ्यायचं." असं म्हणत सत्यशीला सिस्टरांनी माझं झाकण उघडलं. सेलवर पांढरी पूड साचली होती, स्प्रिंग गंजली होती.

बाहेरच्या टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढले. "बाई, बातम्या चालू होत्या की," कुणीतरी म्हणालं. कात्रीच्या टोकाने स्प्रिंग खरवडली आणि मी पेटले. बारा वाजून आठ मिनिटं. डावी तीन, झटकन आकसणारी. उजवी मोठी, न हलणारी. चारचा ठिपका नाही म्हणून सिस्टरांनी दोनदा ताडलं. पाच.

एकच बाहुली अशी थिजली म्हणजे आत मेंदूवर दाब वाढतोय; डॉक्टर धावत आले. पाऊण वाजायच्या आत रुग्णवाहिका निघाली. सोबत केवळाबाई, भक्ती सिस्टर आणि सिस्टरांच्या खिशात मी.

"बाई, वार चुकला म्हनून एवढ्या लांब न्यायलाव?" केवळाबाईंनी विचारलं.

"हो मावशी. तुम्ही हसलात म्हणून कळलं. मी तर बोलण्याचे पूर्ण गुण दिले होते."

परभणीत दोन वाजता स्कॅन झाला. कवटीच्या आत, उजव्या बाजूला रक्त साठलं होतं. पावणेतीनला मल्हारींना ऑपरेशनला नेलं.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. कामाला लागण्याआधी मला एकदा पेटवून पाहा आणि पडून राहणार असेन तर सेल काढून ठेवा. डोक्याला मार लागलेला माणूस बोलतोय एवढ्यावर समाधान मानू नका. तो काय बोलतोय ते त्याच्या घरच्यांना ऐकू द्या. माझ्यामुळे चार मिनिटं गेली. कागदावर बारा चार आणि बारा आठ, दोन्ही नोंदी सत्यशीला सिस्टरांच्या अक्षरात आहेत. त्या चार मिनिटांनी काय बिघडलं, हे मला माहीत नाही. कुणाला विचारताही येत नाही.

केवळाबाई बाकावर बसल्या आहेत. मल्हारींची नवी चप्पल पिशवीत घालून मांडीवर धरली आहे. "उठले की त्येन्ला वार मी इचारनार," त्या भक्ती सिस्टरांना म्हणाल्या. "तुमी न्हाई."

आता पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. ऑपरेशनच्या खोलीचं दार अजून बंद आहे.