कोळंबीच्या ताटाखालचा कानून

मी एक जुना कानून आहे, मित्रांनो. नावावर जाऊ नका. मला कोर्टात नव्हे, मांडीवर ठेवतात. मी आडवा, चपटा आहे आणि माझ्या अंगावर तारांची दाटी आहे. वादक बोटांना नख्या चढवून मला छेडतो.

कैरोच्या एका कारागिराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवले आणि एका बाजूला माशाचे पातळ कातडे ताणून बसवले. मग बोटीने मी झांझिबारला आलो आणि शाइबूचाचांच्या मांडीवर विसावलो. ते आमच्या तारब संगीताच्या मंडळाचे कानूनवादक होते. मंडळात व्हायोलिने होती, अकॉर्डियन होते आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे ढोल होते. चाल कधी अरबी असायची, तर कधी हिंदी सिनेमातून उचललेली. शब्द मात्र स्वाहिलीच. ते शब्द मंडळाच्या गायिका झुहुराबी गायच्या. त्यांच्या गाण्यात टोमणा असला की ज्या बाईला तो लागायचा, ती मान खाली घालायची आणि बाकीच्या उठून नाचत पुढे यायच्या.

काही शहाण्यांना ही सरमिसळ खपत नसे. एक गृहस्थ नेहमी नाक मुरडून म्हणायचे, की यात शुद्ध असे काहीच नाही. शाइबूचाचांनी एकदा मला सुरात लावता लावताच त्यांना विचारले, "पिलाव आवडतो ना तुम्हाला? मग त्यातली दालचिनी, मिरी, मटण काढा बाजूला. नुसता भात खा, शुद्ध."

चाचा गेले. मंडळाच्या इमारतीचे छत कोसळले आणि मंडळ पांगले. चाचांच्या मुलाने मला समुद्रकाठच्या एका हॉटेलाला देऊन टाकले. मॅनेजर नासोर याने मला मानाने भिंतीवर टांगण्याचा शब्द दिला होता. काही दिवस टांगलेही. पुढे जेवणाच्या मेजावर ताटे कमी पडली आणि माझा सपाट आकार त्याच्या नजरेत भरला.

मित्रांनो, पुढचे सांगताना मला अजून शिसारी येते. माझ्या तारांवर केळीची पाने अंथरून त्यावर तेलात निथळणारी कोळंबी रचायचे. रस्सा पानातून झिरपून माझ्या पोटात उतरायचा. आंबट, खारट, चिकट. तारांमध्ये कोळंबीच्या मिशा अडकायच्या. एका पाहुण्याने दात कोरलेली काडी माझ्या खुंट्यांत खोचून ठेवली. दुसऱ्याने नाद निघावा तिथेच सिगारेट विझवली. उरलेल्या खरकट्यावर झुरळे यायची आणि माझ्या पोटात अंडी घालायची. आणि हे सगळे होत असताना भिंतीवरच्या स्पीकरमधून कीबोर्डवर वाजवलेला खोटा कानून ऐकू यायचा. मला झुरळांपेक्षाही त्याची जास्त किळस यायची.

एका दुपारी नासोरने पाहुण्यांसाठी झुहुराबींना गायला बोलावले. त्या आता थकल्या होत्या. गाण्याआधी काही खाऊन घ्या म्हणून त्यांना मेजाशी नेले. त्यांनी कोळंबी उचलली आणि पानाखाली माझी तार दिसली. हातातली कोळंबी त्यांनी खाली ठेवली. पान बाजूला सारून त्यांनी बोटाने माझ्या अंगावरचा चिकटा पुसला आणि त्याचा वास घेतला.

नासोर समजावू लागला, "झुहुराबी, जुनी वस्तू आहे. पाहुण्यांना शोभा वाटते."

त्या मेजाशीच उभ्या राहून, साथीशिवाय गायल्या:

"ज्याच्या घरी ताट नाही, त्यानं जेवण घालू नये;
ज्याला कान नाही, त्यानं गाणं ऐकत डोलू नये."

परदेशी पाहुण्यांना स्वाहिली शब्द कळले नाहीत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण आचारी आणि वाढपी खदखदून हसले. एक वाढपीण तर नाचत पुढे आली. नासोरची मान खाली गेली. झुहुराबींनी उरलेली कोळंबी मेजावर ओतली आणि मला काखेत मारून निघाल्या. तो हळूच म्हणाला, की ही हॉटेलची मालमत्ता आहे. त्या वळल्या. "मग पोलिसांना बोलाव. मी इथेच दुसरं कडवं म्हणत बसते."

त्याने बोलावले नाही.

एका सुताराने माझे पोट उघडून खरवडले. कातडे नवे, तारा नव्या. पण रस्सा लाकडात मुरला होता. आता पोस्टात काम करणारी राया झुहुराबींच्या घरी माझ्यावर शिकते. पहिल्याच दिवशी मला मांडीवर घेताच तिने नाकाला ओढणी लावली. "शी, झुहुराबी, याला वास येतो."

"तो वास याचा नाही," झुहुराबी म्हणाल्या. "खाणाऱ्यांचा आहे. ओढणी सोड, दोन्ही हात लागतात."

रायाने ओढणी सोडली आणि नख्या चढवल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे जुने, मुके वाद्य असेल. वाजवता येत नसेल, तर निदान त्यावर काही ठेवू नका.