जावयाचा व्हिडिओगेम

जावयाने पोटमाळ्यावरचा जुना टीव्ही खाली काढून त्याची पाठ उघडली, तशी आतली झुरळांची टरफलं सुभद्राबाईंच्या पुसल्या लादीवर सांडली. दिवाळीचं सगळं उरकून बाई डिलाईल रोडच्या त्या एका खोलीत नुकत्या टेकल्या होत्या. त्याच काळ्या बोटांनी जावई हितेंद्र करंज्या खात होता.

दुसरा कोणी असता तर बाईंनी त्याची सालटी काढली असती. पण गेल्या दिवाळीत जावयाच्या सुटलेल्या पोटावरून त्या एकच वाक्य बोलल्या, आणि अनुजा वर्षभर माहेरी आली नाही. आज लेकीने उंबऱ्यातच बजावलं होतं, "आई, परत काही बोललीस तर हे शेवटचं येणं समज."

म्हणून बाई तोंड मिटून फडका ओला करत होत्या. चाळिशीचा बाप्या, बँकेतला साहेब, आणि डोहाळे बघा याचे.

"नव्या टीव्हीवर या जुन्या व्हिडिओगेमची मजाच नाही, आई," हितेंद्र म्हणाला.

"अँटेनाच्या भोकाला लावायची डबी आणलीय ना तुम्ही?" अनुजाने विचारलं.

"त्यातून चित्रात मुंग्या येतात. मी वायर थेट आतच डकवलीय."

टीव्ही लागला. सहा वर्षांची नात ऋग्वेदा खाटेवर टाळ्या पिटू लागली. बाई उष्टी ताटली उचलायला वाकल्या. गेमच्या पत्र्याच्या खोक्याला बोटं लागली आणि कोपरापर्यंत झिणझिणी गेली. पाय ओल्या लादीवर होते. टीव्हीच्या पोटातला करंट वायरीवाटे खोक्यात उतरला होता. लाकडी खाटेवर मांडी ठोकून बसलेल्याला त्याचा पत्ता कुठला.

"बाबा, मला द्या ना," म्हणत ऋग्वेदा अनवाणी खाली उतरू लागली.

जिभेवर आलेलं सगळं बाईंनी गिळलं. पदराला हात कोरडे केले, दारामागचा मेन स्विच ओढला, फ्यूज उपटून कनवटीला खोचला.

"लाईट गेली?" हितेंद्र म्हणाला. भिंतीपलीकडे मालनच्या टीव्हीवर कोणीतरी सासू हुंदके देत होती. "शेजारी तर आहे."

"असेल."

"आपली कधी येणार मग?"

"येईल की, जावईबापू. आतल्या वायरी काढल्या की लगेच येते."

हितेंद्रने खोक्याकडे पाहिलं, मग ओल्या लादीकडे, मग लेकीच्या पायांकडे. त्याचा चेहरा उतरला.

"आई, तुला शॉक लागला?" अनुजा उठली.

"मी काही बोलले का गो?"

हितेंद्रने प्लग काढला. आत करंट उरतो म्हणून बराच वेळ नुसता बसून राहिला. मग वायरी सोडवल्या, पाठ बंद केली, डबी अँटेनाला लावली. शेवटचा स्क्रू बसल्यावरच बाईंच्या कनवटीतून फ्यूज निघाला. खोक्याला त्यांनी आधी स्वतः उलटा हात लावला. काही नाही. पडद्यावर मुंग्या आल्या आणि ऋग्वेदा खूश झाली.

हितेंद्रचा हात पुन्हा करंज्यांकडे वळला. नखांत अजून झुरळाचा पंख होता.

बाईंनी ताटली ओढून घेतली, करंज्यांच्या शेजारी साबणाची वडी ठेवली आणि ताटली हळूच त्याच्यापुढे सरकवली.