दुसऱ्या अल्बममधला उंदीर

"ड्रमवाली मेली का?" हे पहिलंच मत फोनवर वाचलं आणि माझा हातोडा खिळा सोडून अंगठ्यावर पडला.

पुढची मतंही काही प्रेमाची नव्हती. "पहिल्या अल्बममध्ये जीव होता, या दुसऱ्यात नुसती ठोकठोक." "गाणी ठीक आहेत, पण ड्रमवर झोपलेली बाई बसवलीय." "तिसऱ्या गाण्यात उंदीर कोणी सोडला? सारखा कुईकुई करतोय." त्याखाली हसऱ्या तोंडांची ही लांब रांग. आणि एका शहाण्यानं लिहिलं होतं, "ताईंनी आता स्वयंपाकघरातली भांडी वाजवावीत."

ती ताई म्हणजे माझी भाची. भावाची मुलगी. अंगानं एवढीशी, म्हणून लहानपणापासून सगळे तिला मुंगी म्हणतात. ड्रमच्या मागे बसली की नुसते केस आणि दोन काठ्या दिसतात.

माझं काम सोफ्या-खुर्च्यांना गाद्या बसवण्याचं. दुकानाच्या मागे एक लांबट खोली आहे, तिच्यात फोमचे तक्ते आणि कापसाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असतात. आवाज बाहेर जात नाही, म्हणून मुंगीच्या बँडचा सराव तिथेच चालायचा. माणसं तीन. गाणारा आणि गिटार वाजवणारा तो मास्तर. शाळेची पायरी तो शिकवायला कधी चढला नाही, पण समोर माणूस दिसला की त्याला शिकवल्यावाचून राहवत नाही. बेस वाजवणारा खांब. उंचीला खांब आणि बोलायलाही खांबच. तिसरी मुंगी. पहिला अल्बम त्यांनी याच खोलीत, एकत्र उभं राहून, एका दमात वाजवला होता. लोकांनी तो डोक्यावर घेतला. तेव्हापासून मास्तरचे पाय जमिनीला लागेनात. दुसऱ्याला खरा स्टुडिओ हवा म्हणाला. तिथे एकेकानं जाऊन आपापलं वाजवून यायचं आणि मग मास्तर घरी कॉम्प्युटरवर ते सगळं जोडणार. मुंगी गेली ती स्वतःचं स्टूल काखोटीला मारून. दुसऱ्या कशावर बसलं की तिला वाजवता येत नाही.

आणि आता ही फुकटची तोंडं! मी एकेकाला उत्तर द्यायला घेतलं. ठोकठोकवाल्याला लिहिलं, "कानातले बोळे काढून ऐका." उंदीरवाल्याला, "उंदीर तुमच्या डोक्यात असेल, तिथे जागा रिकामी दिसतेय." भांडीवाल्याला जे लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी मुंगी आली. चप्पल काढताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आत्या, उत्तरं देणं बंद कर."

"का म्हणून? मेल्यांना सोडू की काय?"

"बरोबर बोलतायत ते." ती एका उघड्या खुर्चीच्या सांगाड्याला टेकली. "मी हेडफोन लावून सगळा अल्बम ऐकला. खरंच मेल्यासारखं वाजवलंय मी. वाजवताना मला कळलंही नाही. हेच जर मला कळत नसेल तर काय अर्थ आहे? आज सगळ्यांसमोर सांगून टाकते, मी सोडतेय. ड्रम विकत घ्यायला मास्तरच्या ओळखीचा एकजण तयार आहे."

ही पोर दात पडायच्या वयापासून माझ्या फोमच्या तुकड्यांवर फूटपट्ट्या आपटत वाढलेली. हिनं काठ्या ठेवल्या तर हातांचं करणार काय?

"चार रिकामटेकड्यांचं ऐकून सोडणार?"

"पहिल्या वेळी हेच लोक छान म्हणाले, तेव्हा तुला ते फार जाणकार वाटले होते."

समोरच्याचं खरं निघालं की माझा राग दुप्पट होतो. मी एका सोफ्याला इतके खिळे मारले की तो पुढच्या जन्मापर्यंत टिकावा.

त्या दिवशी श्रोते यायचे होते. हा या बँडचा शिरस्ता: अल्बम निघाला की आसपासच्या ऐकणाऱ्यांना मागच्या खोलीत बोलवायचं, माझ्या अर्धवट सोफ्यांवर बसवायचं आणि तोंडावर मत सांगायला लावायचं. नियम एकच, बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. लोक जमले. मास्तर गिटार मांडीवर घेऊन मधोमध, खांब भिंतीला, मुंगी दाराजवळ खाली जमिनीवर.

पहिले दोघं मास्तरच्या आवाजाबद्दल गोड बोलले आणि ड्रमपाशी येऊन चाचरले. मास्तर मोठ्या मनानं म्हणाला, "बोला हो मोकळेपणानं. वाईट दिवस कोणाचे नसतात? आम्ही सांभाळून घेतोय तिला."

मुंगीनं मान खाली घातली. मी सुई बोटात टोचून घेतली.

मग एक ठेंगणी बाई उभी राहिली. दातांची डॉक्टर. "मी उंदीरवाली," ती म्हणाली. "मला उत्तर आलंय, उंदीर माझ्या डोक्यात आहे म्हणून." मी फोमच्या तक्त्यांकडे बघू लागले. "असेलही. पण तिसऱ्या गाण्यात कुईकुई आहे. आणि नवल तिचं नाही, तिच्या वेळेचं आहे. ती दर वेळी अगदी त्याच जागी येते. केसभरसुद्धा पुढे-मागे नाही. एवढा शिस्तीचा उंदीर मी पाहिला नाही."

लोक हसले. मुंगीनं मान वर केली. "कसली कुईकुई?"

"ऐकू नाही येत तुम्हाला?"

खांबानं गाणं लावलं. ठेका सुरू झाला. "ही!" दोन-तीन जण ओरडले. ठेका पुन्हा फिरून आला. "ही!" आता सगळेच. "ही! ही बघा! ही!" एकजण तर चुटकी वाजवून दाखवायला लागला. मी कान टवकारले. देवाशपथ सांगते, मला काही ऐकू येईना. खांबानं मान हलवली, नाही. मास्तर म्हणाला, "काहीतरीच. कुठंय?"

मुंगी उठली आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसली. डावीकडच्या झांजेपर्यंत हात न्यायला ती नेहमी झुकते तशी झुकली.

"हीच!" सगळी खोली ओरडली.

ते स्टूल इतकी वर्षं आमच्या कानांशी कुरकुरत होतं की आमच्यासाठी ते गप्पच झालं होतं. आमच्या चौघांचे कान तेवढ्यापुरते बहिरे झाले होते, आणि बाहेरून आलेल्या कोणालाही ती कुरकुर पहिल्या झटक्यात ऐकू येत होती.

मुंगी पुन्हा झुकली, सरळ झाली. तिचा चेहरा बदलत गेला तो मी बघितला.

"त्या झांजेकडे मी दर फेऱ्याला जात नाही," ती हळूच म्हणाली. "कधीतरी जाते." मग मास्तरकडे वळली. "किती घेतलंस माझं?"

"काय किती?"

"किती?"

"अगं, साफसूफ केलं थोडं. सगळे करतात." मास्तरनं गिटारची खुंटी उगीच पिळली. "तुझा सगळ्यात चांगला तुकडा निवडला. कौतुकच समज की."

"आणि तोच गाणंभर चिकटवलास."

"तुझी लय हलते, मुंगी! कोरसच्या आधी रेंगाळतेस, नंतर पळत सुटतेस. किती दिवस सांगतोय."

"पहिल्या अल्बममध्येही रेंगाळले होते."

"म्हणून तर या वेळी कापलं!"

माझ्या जिभेवर अशी एकेक शिवी रांगेत उभी होती की काय सांगू. मी तोंड उघडलं.

"आत्या, थांब," मुंगी म्हणाली. "माझं बोलणं चाललंय. मध्ये तोडायचं नाही."

मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यातलं सर्वात अवघड काम.

"मला त्याचा राग नाही, मास्तर. कापायचं होतं, सांगून कापायचंस. लोक मला मेली म्हणत होते, तू वाचत होतास. मी तुला फोन केला, रडले, म्हटलं मला वाजवता येईनासं झालंय. तू म्हणालास, होतं असं. वर ड्रमना गिऱ्हाईकही तूच शोधून आणलंस." तिनं आवाज न चढवता काठ्या उचलून हातात घेतल्या. "माझ्या चुकांसाठी शिव्या द्या, खाईन. तुझ्या कात्रीच्या शिव्या मी का खाऊ? अल्बम मागे घे, नाहीतर त्याच्यावरचं माझं नाव काढ."

"अल्बम मागे येणार नाही."

"मग नाव काढ."

"काढतो! मुंगीला पंख फुटले वाटतं." मास्तरनं गिटार पिशवीत कोंबली. श्रोत्यांकडे बघून हसायचा प्रयत्न केला, पण समोरून कोणी हसलं नाही. "चल रे," तो खांबाला म्हणाला.

खांबानं त्याच्याकडे बघितलं, मुंगीकडे बघितलं. मग खाली वाकून बेसची वायर खोचली.

"तिसरं?" त्यानं मुंगीला विचारलं. त्या दिवसातला त्याचा तो पहिला शब्द.

मास्तर गेला. दार असं आपटलं की वरच्या गठ्ठ्यातून कापूस उडाला. मी त्याच्या नावानं जे काही राखून ठेवलं होतं ते त्या बंद दाराला ऐकवलं. श्रोत्यांतल्या एका आजोबांनी कानांवर हात ठेवले, पण मान डोलावली.

आणि मुंगीनं तिसरं गाणं सुरू केलं. गाणारं कोणी नव्हतं, नुसते ड्रम आणि बेस. कोरसच्या आधी ती रेंगाळली, इतकी की मला वाटलं आता विसरली. आणि मग असा दणका दिला की सोफ्यावरची माणसं पुढे सरकली. पण हात रागानं भरलेले होते. शेवटी ती धावत सुटली, बिचाऱ्या खांबाची तिच्यामागे फरपट झाली, आणि गाणं संपलं नाही, धापा टाकत कुठेतरी आदळलं.

टाळी वाजवावी की नाही, कोणाला कळेना. दातांची डॉक्टर उभी राहिली. "खरं सांगू? शेवट बिघडवलात. फार पळालात. मला नाही आवडला."

मी कंबरेवर हात ठेवून पुढे झाले. मुंगीनं काठीनंच मला मागे सारलं. घाम पुसत ती त्या बाईकडे बघत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिचे डोळे जागे दिसत होते.

"हो, पळाले," ती म्हणाली. "कुठपासून पळाले, ते सांगाल?"

बाईनं सांगितलं. मुंगीनं नीट ऐकून घेतलं, खांबाला मानेनं खुणावलं आणि काठ्या पुन्हा उचलल्या.