हात लावायचा नाही

"गेले हो दिवे पुन्हा!" लांबच्या शाखेतल्या रोखपाल बाई फोनवर ओरडल्या. "तुमचा हा नवा राउटर मेला बहुतेक."

तारकाकांनी कपाळाला हात लावला. बँकेच्या कुठल्याही शाखेत राउटर बसवायचा म्हणजे तारकाकांनी बसने जायचं आणि एकेक आकडा हाताने भरायचा, ही आजवरची रीत. या पायपिटीत मुलीचं बारसं हुकलं, बायकोच्या आजारपणात जवळ थांबणं हुकलं. म्हणून गेले दोन महिने ते मुख्य कचेरीत हट्टाने ठाण मांडून बसले होते. नव्या राउटरला वायर जोडली की त्याने आपणहून कचेरीतल्या सर्व्हरला विचारायचं, मी कुठल्या शाखेचा, आणि सर्व्हरने ते सगळे आकडे, म्हणजे त्याची मांडणी, त्याच्या पदरात घालायची, असा बेत. तयारी चोख झाली होती. टेबलावरचा नमुन्याचा राउटर तर शहाण्या बाळासारखा आपला आपण कामाला लागला होता.

आज पहिली खरी शाखा. आणि आजच संध्याकाळी बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी सुटणार होती. किती वर्षं बिचारीला सगळं धुक्यातूनच दिसत होतं. "पट्टी सुटली की समोर तुम्ही असा, बाकी काही मागत नाही," ती म्हणाली होती. राउटर अडला तर मात्र दुपारची बस धरणं भाग होतं.

"बाई, काय काय केलंत ते सांगा बरं."

"वायर लावली, दिवे लागले, मग सगळे गेले. म्हणून बंद करून चालू केला. परत गेले. परत बंद करून चालू."

"अहो, पण बंद करायला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच की! इतकी वर्षं दर फोनला हेच सांगत आलात."

काकांना हसू आवरेना. करावे तसे भरावे, दुसरं काय! मांडणी घेतली की राउटर स्वतःच एकदा बंद होऊन उठत होता, आणि ऐन त्याच वेळी बाई तो बंद करत होत्या.

"आता एकच काम करा. दोन्ही हात मागे बांधून उभ्या राहा. दिवे गेले तरी हलू नका."

"आणि नाहीच लागले तर?"

"तर येतो मी." म्हणत त्यांनी घड्याळात दुपारच्या बसची वेळ पाहिली.

पलीकडे पंखा घरघरत होता. "गेले," बाई कुजबुजल्या. "हात नाही लावला हं." काका पडद्यावर नजर लावून बसले.

"हिरवे! सगळे हिरवे!"

काकांच्या पडद्यावरही त्या शाखेचं नाव उमटलं. त्यांना अगदी भरून आलं.

"म्हणजे आता तुमचं येणं बंद?" बाईंचा आवाज जरा पडला. "मी चहाचं सांगून ठेवलं होतं."

"माझाही तुम्हीच घ्या," काका म्हणाले आणि दवाखान्याकडे सुटले.

नर्सने पट्टी सोडली तेव्हा ते खुर्ची ओढून अगदी समोर बसले होते. बायकोने डोळे किलकिले केले आणि ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"अगंबाई! सगळे केस पांढरे झाले की हो तुमचे. कधी झाले?"

काकांनी डोक्यावरून हात फिरवला.

"बसमध्येच कुठेतरी," ते म्हणाले.